तारा सरळच होता

गेल्या आठवड्यात इथं जर्मनीत, गेर्लिंगेनच्या टेकडीवर पहिलं धुकं उतरलं. सकाळी खिडकी उघडली तर समोरचे द्राक्षमळे नाहीसे, चर्चचं टोक नाहीसं, खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा नुसता आवाज. माझ्या बायकोनं, मुग्धानं, हायत्सुंग सुरू केली. उन्हाळाभर थंड पडलेले रेडिएटर टकटक करत तापले आणि घरभर करपलेल्या धुळीचा तो ओळखीचा वास पसरला. लोकांना इथला हेर्ब्स्ट, म्हणजे पानगळीचा ऋतू, फार आवडतो. भोपळे, अक्रोड, लाल-पिवळी पानं आणि त्या पानांत उभं राहून काढलेले फोटो. मलाही आवडायचा. आता तो आला की मी घरात चोरासारखा वागायला लागतो. न सांगता भांडी घासतो, कुणाला काय हवं-नको विचारत फिरतो. मुग्धा म्हणते, "आला वाटतं तुझा सीझन."

दोन वर्षांपूर्वीच्या हेर्ब्स्टमध्ये हेर वीडमायर यांच्या उजव्या डोळ्याची मधली नजर गेली. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. त्या डोळ्यानं माणसाकडे पाहिलं तर कान दिसतात, खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी राखाडी धब्बा. दुखणं म्हातारपणाचं होतं, ते काही मी आणलं नव्हतं. पण ते डॉक्टरपर्यंत पोचायला उशीर झाला, आणि तो उशीर माझ्यामुळे झाला. मी काही केलं नाही. मी फक्त "हो" म्हणत राहिलो.

हेर वीडमायर आमच्याच गल्लीत, चढाच्या वरच्या टोकाला राहतात. वय ऐंशीच्या पुढे. आयुष्यभर टूलमेकर होते; पत्रा दाबून त्यातून भाग काढणारे पोलादी साचे घासून-तासून तयार करायचे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी पेट्रा कार्ल्सरूहेला असते. तरुणपणी कामासाठी ते काही काळ अमेरिकेत होते. तिथं एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना चांदीचा अर्धा डॉलर मिळाला, तो देश अगदी नवा होता तेव्हाचा. एका बाजूला टोपी घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला छातीवर ढाल घेतलेला गरुड. त्या एका नाण्यानं त्यांना जे धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. लग्नाच्या आधीपासून ही बाई माझ्या आयुष्यात आहे, असं ते सांगतात, आणि दर वेळी नव्यानं सांगितल्यासारखे हसतात.

या छंदातली गंमत मला त्यांनीच समजावली. त्या काळी नाणी पाडायचे ठसे हातानं बनत. बाईचा चेहरा एका पंचानं, म्हणजे टोकाला आकृती कोरलेल्या पोलादी खिळ्यानं, उठवायचा, मग तिच्याभोवतीचे तारे एकेक करून ठोकायचे, मग सालाचे आकडे, मग मागच्या बाजूची अक्षरं. ठोकणाऱ्याचा हात कधी केसभर इकडे, कधी केसभर तिकडे. त्यामुळे एकाच सालचे दोन ठसे कधी तंतोतंत सारखे नसतात. शिवाय ठसा वापरून वापरून तडकायचा, ती चीर नाण्यावर उमटायची आणि पुढच्या नाण्यांवर लांबत जायची. हे नाणं कुठल्या दोन ठशांच्या जोडीतून पडलं, हे ओळखणं म्हणजे खरा खेळ. नाण्यावरचं साल काय, कुणीही वाचेल. ही मंडळी ताऱ्याचं टोक नाण्याच्या दातेरी कडेतल्या कुठल्या दातावर रोखलंय ते वाचतात. आजवर नोंद न झालेली जोडी एखाद्याला सापडली, तर त्याच्या आयुष्याचं सोनं झालं म्हणायचं.

आता मी यात कसा पडलो? मी हुपरीचा. कोल्हापूरजवळचं आमचं हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या आळीत सकाळ व्हायची ती कोंबड्यानं नव्हे, ठशांवर पडणाऱ्या हातोडीनं. पैंजणाचे घुंगरू, जोडव्यांवरची नक्षी, सगळं ठशातून निघायचं. बाहेरच्यांना चांदी म्हणजे मौल्यवान धातू. आमच्याकडे तो कच्चा माल होता. शाळेतून येताना चपलेच्या तळव्याला चांदीचा कीस चिकटायचा आणि आई दारातच चपला झटकून घ्यायची. पुढे मी मेकॅनिकल इंजिनियर झालो, जर्मनीत आलो, आणि इथल्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या साच्यांचंच काम करू लागलो. साचा कुठं झिजेल, कुठं तडकेल, हे आधी सांगायचं. ठसा काही सुटला नाही.

गेर्लिंगेनच्या सभागृहात वर्षातून एकदा म्युन्त्सब्योर्से भरतो, म्हणजे जुन्या नाण्यांचा बाजार. एका वर्षी पाऊस होता म्हणून मी आत शिरलो होतो. एका टेबलाशी एक उंच म्हातारा भिंग डोळ्याला लावून बसला होता. मी वाकून पाहत होतो, तर त्यानं वर न पाहता ते नाणं माझ्या हातावर ठेवलं. मी नकळत ते फक्त कडेवर धरलं आणि तिरपं करून उजेडात फिरवलं. तो म्हणाला, "अहा. चांदीची सवय आहे." त्या दिवसापासून बहुतेक शनिवारची दुपार मी हेर वीडमायर यांच्या तळघरात काढू लागलो.

ते तळघर मला अजून नाकानं आठवतं. कोपऱ्यात लाकडी फळ्यांवर मांडलेली सफरचंदं, शेजारी तेलाची टाकी, कॉफीचा थर्मास. टेबलावर हिरवं जाड कापड, कारण चुकून नाणं पडलं तर त्याला इजा होऊ नये. वाकवता येणारा दिवा. त्या दिव्याखाली ते डावा डोळा मिटायचे, उजव्याला भिंग लावायचे आणि श्वास रोखून धरायचे. मग एखादा क्रमांक सांगायचे, जाडजूड पुस्तकात तो काढायला मला लावायचे, आणि बरोबर निघाला की "गेनाऊ" म्हणून एक सफरचंद कापायचे. परदेशात इतकी वर्षं काढल्यावर एखाद्या घरात शनिवारी आपली वाट बघितली जाते, याचं सुख मी दुसऱ्या कुणाला समजावू शकत नाही. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. म्हटलं तर एवढंच कारण पुरेसं आहे.

त्या वर्षी सप्टेंबर सरता सरता द्राक्षं तोडून झाली आणि खालच्या उतारावरच्या एका शेतकऱ्यानं दाराला झाडू टांगला. झाडू टांगला की समजायचं, याच्याकडे नवी वाईन आलीये, येऊन बसा. आम्ही तिथं गेलो होतो. अर्धवट आंबलेली, ढगाळ, ताकासारखी दिसणारी ती वाईन आणि कांद्याचा गरम केक. हेर वीडमायर खुशीत होते. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "एक सापडलंय. अजून कुणाला सांगितलं नाही. शनिवारी दाखवतो."

शनिवारी त्यांनी एक नाणं पुढं केलं. मी ते आधी अनेकदा पाहिलं होतं. "डावीकडचा चौथा तारा बघा," ते म्हणाले. "कललाय. पुस्तकात असा तारा कुठंच नाही. इतकी वर्षं माझ्याकडे आहे आणि माझ्या लक्षात आलं नाही, विचार करा!" मी भिंग लावलं. तारा सरळ होता. नाणं फिरवलं, दिवा खाली घेतला, पुन्हा पाहिलं. इतर ताऱ्यांसारखाच सरळ तारा. मान वर केली तर ते माझ्याकडे असे बघत होते की, काय सांगू. दहावीचा निकाल लागायच्या वेळी मुलं बोर्डाकडे बघतात तसे.

मी म्हणालो, "हं... या, कान झाइन. असू शकेल." आणि आपली मान आपण जशी डोलावतो तशी डोलावली.

इथं मला आमच्या अण्णाकाकांबद्दल सांगायला हवं. वडिलांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. अण्णाकाकांना कुणी नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. एका वर्षी त्यांनी कॅलेंडर चुकीचं वाचलं आणि जाहीर केलं, आज एकादशी. ती दुसऱ्या दिवशी होती. काकूला माहीत होतं, आईला माहीत होतं, शेजारच्या घरातून भाकरीचा वास येत होता. पण काकू नुसती म्हणाली, "अहो, मग साबुदाणा भिजवते," आणि आम्ही सगळे निमूट खिचडी खाऊन बसलो. खरी एकादशी दुसऱ्या दिवशी बायकांनी परत केली, काकांना कळू न देता. पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा आमच्याकडे कौतुकानं सांगितला जायचा. बघा, कसा मान ठेवतात मोठ्यांचा. मीसुद्धा इथल्या मित्रांना हसत हसत सांगितलाय. भीड भिकेची बहीण, असंही आमच्याकडे म्हणतात, पण ती म्हण बाजारात वापरायची. घरात भिडेला संस्कार म्हणतात.

पुढच्या शनिवारी दुसरं नाणं निघालं. वेगळं साल, वेगळे ठसे. यात गरुडाच्या छातीवरच्या ढालीतल्या उभ्या रेषा मधेच बाहेरच्या बाजूला फुगल्या आहेत, असं त्यांचं म्हणणं. "ठसा मधे बसला असणार," ते म्हणाले. "तुम्ही इंजिनियर आहात, तुम्ही सांगा. ठसा खचला की रेषा अशाच वाकतात ना?" हे मात्र खरं होतं. ठसा खचला की रेषा वाकतात. म्हणून मी उत्साहानं म्हणालो, "हो, अगदी अशाच." खचलेल्या ठशाबद्दल मी बोललो, त्या नाण्याबद्दल नाही. ही पळवाट मला तेव्हा फार हुशारीची वाटली. ढालीच्या रेषा फूटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ होत्या.

मग तिसरं निघालं, मग आणखी. ऑक्टोबरात रस्त्यावर चेस्टनट पडत होते आणि तळघरात नवे ठसे. आयुष्यभरात ज्या माणसाला नोंद न झालेला एकही ठसा सापडला नव्हता, त्याला आता दर आठवड्याला सापडत होता, आणि तोही स्वतःच्याच जुन्या पेटीत. आमच्या कामात पहिला धडा असा, की निरनिराळ्या साच्यांतून आलेल्या सगळ्या भागांत एकसारखी चूक दिसायला लागली, तर भाग बाजूला ठेवायचे आणि आधी मोजायचं साधन तपासायचं. हे मी नव्यानं आलेल्यांना स्वतः शिकवतो. तिथं तर मोजायचं साधन एकच होतं. हेर वीडमायर यांचा उजवा डोळा. मला हे कळलं नाही असं मी म्हणू शकलो असतो तर किती बरं झालं असतं. मला कळलं होतं. निदान काहीतरी बिघडलंय एवढं कळलं होतं, आणि ते विचारात पूर्ण उतरायच्या आत मी ते परतवून लावत होतो.

एकदा त्यांनी तळघराच्या दाराची चौकट वाकल्याचं दाखवलं. एक डोळा मिटून, बंदूक धरल्यासारखे ते चौकटीच्या कडेवरून पाहत होते. मग गवंडी वापरतात ती बुडबुड्याची पाणसळ आणली. बुडबुडा अगदी मधोमध थांबला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हीसुद्धा आता जुनी झाली." मी पाणसळीचं दुसरं टोक धरून उभा होतो. मी म्हणालो, "नवीन घेऊ या." आजही दुकानात पाणसळी टांगलेल्या दिसल्या की मी दुसऱ्या बाजूनं जातो.

घरी मुग्धाला सांगितलं तेव्हा ती चकल्या पाडत होती. दिवाळी जवळ आली होती आणि हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेल्यामुळे बाहेर दुपारीच अंधारून येत होतं. ती म्हणाली, "आल्झो, म्हणजे तारा सरळ आहे?"

"सरळ आहे."

"आणि तू त्यांना सांगितलंस की वाकडा आहे?"

"तसं नाही गं. मी म्हटलं, असू शकेल."

"अरे, ते जर्मन आहेत. तू 'असू शकेल' म्हणालास तर त्यांना वाटतं, याला खरंच तसं दिसलं. त्यांना कसं कळणार की हे तुझं 'नाही' आहे?"

"ऐंशी वर्षांचा माणूस, मुग्धा. एवढा आनंदात आहे. कशाला मोडायचं त्याचं मन?"

तिनं सोऱ्या खाली ठेवला. "मन मोडू नये म्हणून गप्प बसतोस, की वाईट दिसू नये म्हणून? तुझं नेहमीचं आहे हे. माझ्या बाबांनी मागं तो फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तेव्हाही तू 'छान आहे हं बाबा' म्हणालास आणि रात्रभर मला त्याचे तोटे सांगत बसलास."

मी डब्यात चिवडा, चकल्या आणि शंकरपाळे भरून चढ चढलो. हेर वीडमायर यांनी शंकरपाळा भिंगाखाली धरून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, याच्या कडा एकाच साच्याच्या आहेत. आम्ही दोघं खूप हसलो. बोलायची एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. मी आणखी एक शंकरपाळा घेतला.

नाणी जमवणाऱ्यांचं इथं एक छोटं मंडळ आहे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी ते गावातल्या गास्थाउसच्या, म्हणजे खानावळीच्या, मागच्या खोलीत भरलं. हेर वीडमायर टाय लावून आले होते. त्यांनी हिरवं कापड अंथरलं, आपली नवी नाणी ओळीनं मांडली, आणि मला शेजारी बसवलं. मंडळाच्या खजिनदार फ्राउ केसलर, गोल चेहऱ्याच्या, स्वेटर घातलेल्या बाई. त्यांनी पहिलं नाणं उचललं, पाहिलं. "नाइन," त्या म्हणाल्या. "हा तर अगदी सरळ आहे." दुसरं उचललं. "हेही." तिसरं पाहून ठेवल्यावर त्यांनी भिंग बाजूला केलं आणि कॉफीत साखर किती असं विचारावं तितक्या साधेपणानं विचारलं, "हेल्मुट, तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे शेवटचा कधी गेला होतास?"

मी जे पूर्ण हेर्ब्स्टभर करू शकलो नव्हतो ते त्या बाईनं कॉफी निवायच्या आत केलं. आणि आभाळ कोसळलं नाही. कुणाचा अपमान झाला नाही, कुणी उठून गेलं नाही. हेर वीडमायर फक्त गोंधळले. ते म्हणाले, "डॉख, आहे वाकडा! हेर देसाईंनाही दिसलं ना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, पूर्ण भरवशानं. तोंड उघडायला हीच जागा होती. मी म्हणालो, "मला... तसं वाटलं होतं खरं."

डॉक्टरांनी पाहिल्यावर लगेच उपचार सुरू केले. डोळ्याच्या मागच्या पडद्यात गळती होती. या दुखण्यात सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात, हीच त्याची पहिली खूण. दोन्ही डोळ्यांनी पाहताना डावा डोळा सांभाळून घ्यायचा, म्हणून रोजच्या जगण्यात त्यांना फारसं जाणवलं नाही. जाणवलं फक्त एक डोळा मिटल्यावर, भिंगातून. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागली. सूज उतरली, पण मधे व्रण राहिला. पेट्राचा मला फोन आला, आभार मानायला. मी तिच्या वडिलांची डॉक्टरकडे ने-आण करत होतो ना. "तुम्ही आहात म्हणून मी इथं निर्धास्त आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, जरा आधी यायला हवं होतं. मी पपांना सप्टेंबरपासून सांगत होते, हो. फुटपाथच्या कडेला अडखळले होते तेव्हापासून. ऐकायलाच तयार नाहीत. म्हणायचे, माझे डोळे ठीक आहेत, हेर देसाई तरुण आहेत, त्यांनाही तेच दिसतं."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नुसता उभा राहिलो.

तरीही मी बोललो नाही. आता बोलून उपयोग काय, असं मनाला समजावलं. माणूस स्वतःला किती समजूतदारपणे फसवतो! आणि इकडे त्या भल्या माणसाला वेगळीच काळजी लागली होती. मलाही तारा वाकडा दिसला होता, म्हणजे माझेही डोळे बिघडत असणार. "तुमचं वय नाही हे," ते म्हणायचे, "पण हयगय करू नका. मी केली, बघा." जर्मनीत डोळ्यांच्या डॉक्टरचा टर्मीन, भेटीची वेळ, मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं, महिनोन् महिने थांबावं लागतं. हेर वीडमायर यांनी स्वागतकक्षातल्या बाईंना सफरचंदांची पिशवी नेऊन दिली, माझी हकिगत सांगितली, आणि स्वतःच्या तपासणीला जोडून माझा टर्मीन मिळवला. नाही म्हणायचा हा शेवटचा टप्पा होता. मी म्हणालो, "फार उपकार झाले."

दवाखान्यात दोघांच्याही डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले. थेंबांच्या आधी एका तरुण मुलीनं माझा एक डोळा झाकून चौकोनी जाळीचा कागद समोर धरला. मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि सांगायचं, रेषा कुठं वाकड्या दिसतात का. मी फटकन म्हणालो, "नाही. सगळ्या सरळ आहेत." म्हणजे येत होतं मला. परक्या मुलीपुढे माझी जीभ जराही अडखळली नाही. ज्याला मी वडिलांच्या जागी मानत होतो, नेमकं त्यालाच मी खरं सांगितलं नव्हतं. आदराचं हे असं कसं होतं, मला अजून उमगलेलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या डोळ्यांत तर तेव्हा डॉक्टरांचा दिवाच होता. त्यांनी डोळ्याच्या पार तळापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "उत्तम आहेत. काही काळजी नको."

बाहेर खुर्चीवर हेर वीडमायर कोट मांडीवर घेऊन बसले होते. "उन्ट? काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"आलेस इन ऑर्डनुंग. सगळं ठीक आहे."

"गॉट झाय डांक! देवाची कृपा!" त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. खरोखर आनंद झाला होता त्यांना. मग थाप मारलेला हात तिथंच राहिला आणि हळूहळू वर उचलला गेला. आयुष्यभर मोजमापं तपासलेला माणूस. त्याला हिशेब जुळवायला वेळ लागला नाही.

"म्हणजे डोळे ठीक आहेत तुमचे."

"हो."

"तेव्हाही होते."

"हो."

बोलणाऱ्याचा चेहरा डाव्या डोळ्यासमोर यावा म्हणून मान जरा एका बाजूला वळवायची सवय त्यांना नुकतीच लागली होती. तशी मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तारा तुम्हाला कसा दिसला होता, हेर देसाई?"

"सरळ," मी म्हणालो. "तारा सरळच होता."

मीच बोलू लागलो. आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत, तुम्ही इतक्या आनंदात होता, मला वडिलांसारखे... इथवर आलो आणि थांबलो. आदराला जर्मनमध्ये शब्द आहे, मला तो येतोही. पण त्या आदरानं काय केलं ते शेजारच्या खुर्चीत बसलं होतं.

"मी तुम्हाला बघायला बोलावलं होतं," ते सावकाश म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "माझ्या बाजूनं बोलायला नाही."

आम्ही बाहेर आलो. कित्येक दिवसांनी धुकं फाटून स्वच्छ ऊन पडलं होतं आणि थेंबांमुळे ते डोळ्यांत सुयांसारखं शिरत होतं. रस्ता, झाडं, माणसं, सगळं पांढरं. मी त्यांचा हात धरला, त्यांनी धरू दिला. स्टॉपच्या बाकावर आम्ही दोघं डोळ्यांवर तळहात धरून बसलो. थोड्या वेळानं एक बस वळणावरून येताना दिसली, म्हणजे एक मोठा पिवळा आकार दिसला. त्यांनी विचारलं, "आपली आहे का?"

बसच्या कपाळावरच्या पाटीवर आकडा होता, पण तो उजेडात विरघळला होता. सवयीनं "हो" जिभेवर आला होता. तो मी गिळला.

"मला दिसत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. बस थांबली तसे ते उठले, हातानं दार चाचपत पुढं झाले आणि ड्रायव्हरला विचारून आले. आपली नव्हती. ते परत येऊन बाकावर बसले. मग दुसरी बस आली. तोवर माझी नजर जरा निवळली होती, या खेपेला आकडा मला स्वच्छ वाचता आला. आमचीच होती. मी ते सांगितलंही. हेर वीडमायर "डांके" म्हणाले, उठले, आणि जाऊन ड्रायव्हरला विचारलं.